आमचं शेवाळ आणि बबननाना

सांडपाण्याच्या टाकीचं एक असतं. वरून पाणी वाहत राहतं आणि खाली गाळ बसत राहतो. रोज बघाल तर काही दिसणार नाही, आणि एक दिवस बांबू घालून बघाल तर गुडघाभर! आमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. नोकऱ्या सुटल्या, माणसं पांगली. आता तांडेलचा फोन आला की तो म्हणतो, "ताई, ती नानांची गोष्ट सांगा ना." मी विचारते, "कुठली?" विचारावंच लागतं. इतक्या साठल्यात.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांचे सुटे भाग बनवायची. त्या भागांवर क्रोमचा चकचकीत मुलामा द्यायचं एक खातं होतं. त्या खात्याचं विषारी पाणी, शिवाय कँटीनचं आणि संडासांचं, सगळं कंपाउंडच्या पार मागच्या कोपऱ्यात यायचं. तिथं ते स्वच्छ करायचं. त्या कोपऱ्याला सगळे ईटीपी म्हणायचे, आणि तिकडं कुणीही फिरकायचं नाही. कंपनीला जो माणूस नकोसा झाला, त्याची बदली ईटीपीत!

मी तिथं केमिस्ट. मूळची परभणीची, राहायला चिखलीला. तांडेल कोकणातला, फिटर, सुपरवायझरशी भांडला म्हणून मागं आलेला. आणि बबननाना पंपांचे ऑपरेटर. जवळच्याच गावचे, साठीला टेकलेले, डोक्यावर पांढरी टोपी. नाना मात्र स्वतः मागणी करून ईटीपीत आले होते. का, ते मला पुढं कळलं.

मग एक दिवस मॅडम आल्या.

*

मॅडम म्हणजे डॉक्टर वैदेही. रहाटणीला आईबरोबर राहायच्या. एका कॉलेजचा आणि आमच्या कंपनीचा मिळून प्रयोग ठरला होता, तो त्यांच्या अंगावर. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांना बसवून पडद्यावर चित्रं दाखवली.

"ह्यांना मायक्रोअल्गी म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "एकेक पेशी डोळ्यांना दिसणारही नाही. कँटीनच्या पाण्यातली घाण ह्या खातात आणि उन्हावर वाढतात. वाढल्या की त्यांच्यातून तेल काढायचं, आणि तेलाचं डिझेल करायचं."

नानांनी हात वर केला. "म्हंजी शेवाळ?"

"हो नाना. शेवाळच."

"जलमभर टाक्यांचं शेवाळ खरवडायचा पगार घेतला. आता त्येच वाढवायचा घ्यायचा?"

आम्ही फिदीफिदी हसलो. सगळ्यात जास्त मॅडम हसल्या. "हो नाना! पण पगार तेवढाच राहणार हं!"

नाना उठून त्या हिरव्या चित्राजवळ गेले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. खरवडण्यापरीस वाढवणं बरं."

*

शेवाळ कँटीनच्या आणि संडासांच्या पाण्यासाठी, ते मागच्या तळ्यांत वाढायचं. मुलाम्याच्या पिवळ्या पाण्यासाठी मॅडमकडं दुसरं औषध होतं: नॅनो लोखंड. लोखंडाची इतकी बारीक पूड की तिच्या कणापुढं आपला केस म्हणजे वडाचा बुंधा! ती काळी पूड पिवळ्या पाण्यात टाकली की त्यातलं क्रोमचं विष मारायची. पाण्याचा पिवळेपणा आमच्या डोळ्यांदेखत उतरायचा.

एकदा ती पूड गाळून मी कागदासकट टेबलावर ठेवली आणि चहाला गेले. पूड नेहमी ओलीच ठेवायची असते, हे मला माहीत होतं. पण चहा! परत येते तर पूड वाळलेली, आणि तिच्यात निखाऱ्यासारखे लाल ठिपके फिरताहेत. बघता बघता कागदानं पेट घेतला. तांडेल पाण्याची बादली घेऊन धावला, नाना वाळूची. दोघांनी मिळून आग विझवली आणि माझं रजिस्टर भिजवलं.

सेफ्टी ऑफिसरनं लेखी खुलासा मागितला. मी खरं तेच लिहिलं. आगीचं कारण : लोखंड.

तो कागद घेऊन तावातावानं आला. "ताई, थट्टा करता होय? लोखंड पेट घ्यायला लागलं तर ही सगळी कंपनी एव्हाना जळायला पाहिजे होती!"

तांडेल हळूच म्हणाला, "तुम्ही थोडी बारीक करून बघा, साहेब."

*

आता शिडीचा किस्सा. हा हसण्यासारखा नाही, पण सुरुवात तरी हसण्यासारखी आहे.

साठेसाहेब आमचे प्लांट मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, घाई फार! मोठी टाकी साफ करायला रिकामी केली होती. साहेब वाकून आत बघायला गेले आणि शर्टाच्या खिशातला मोबाइल सरळ आत! तळाच्या गाळावर तो अलगद पडला, आणि तेवढ्यात वाजायला लागला. खोल अंधाऱ्या टाकीत उजेड, आणि रिंगटोनला भक्तिगीत!

साहेबांनी कंत्राटदाराच्या सफाईवाल्याला हाक मारली. "उतर रे पटकन. दोन मिनिटांचं काम."

त्यानं शिडीवर पाय ठेवला. नाना पंपापाशी होते. ते कधी आले, कळलंच नाही. त्यांनी त्या माणसाच्या कॉलरला धरून त्याला मागं खेचलं. मग शिडी वर ओढली. लाकडी शिडी होती. ती जमिनीवर आडवी टाकली, तांडेलचा मोठा हातोडा उचलला आणि एकेक पायरी फोडायला सुरुवात केली.

"वेड लागलंय का तुम्हाला?" साहेब ओरडले. "फोन वाजतोय!"

नानांनी शेवटची पायरी फोडली. हातोडा तांडेलच्या हातात दिला. म्हणाले, "फोन नवा मिळतो, साहेब." आणि पंपाकडं निघून गेले.

त्या दुपारी तांडेलनं मला सांगितलं. नानांना एकच मुलगा होता, दत्ता. इकडंच एका कंपनीत कंत्राटावर लागला होता. तिथं टाकी साफ करायला दोघं खाली उतरले आणि हाक मारली तर ओ देईनात. दत्ता वर दोरी धरून उभा होता. तो त्यांना काढायला उतरला. आत गॅस भरला होता. तिघंही वर आले ते दुसऱ्यांच्या खांद्यावर. नाना तेव्हा आमच्याच कंपनीत, स्टोअरला होते. मुलाचं दिवसकार्य उरकून परत आले ते बदलीचा अर्ज घेऊनच. ईटीपी पाहिजे म्हणून.

ही हकिकत तांडेलनं साहेबांनाही सांगितली. दुसऱ्या दिवशी साहेब मागं आले. नाना वॉल्व्हला ग्रीस लावत होते. साहेबांनी शिडीचे फुटके तुकडे उचलून बाजूला ठेवले आणि परत गेले.

आठवड्यानं नवीन शिडी आली. अॅल्युमिनियमची, साखळी आणि कुलूप लावलेली. कुलपाची किल्ली एकच होती. साहेबांनी ती नानांच्या हातात दिली, आणि नानांनी सगळ्यांसमोर सदरा वर करून ती करदोट्यात ओवली.

*

परदेशातले पाहुणे आले त्या दिवशी मॅडमचा घसा बसला होता. शब्द फुटत नव्हता. साहेबांना घाम. "आता दाखवणार कोण?"

मॅडमनी नानांकडं बोट केलं.

प्रयोग साधा होता. शेवाळाचं हिरवंगार पाणी काचेच्या भांड्यात घ्यायचं, त्यात चुंबकाला चिकटणारी नॅनो पूड चिमूटभर टाकायची आणि ढवळायचं. पूड शेवाळाला धरते. मग भांड्याखाली चुंबक ठेवला की शेवाळ सगळं तळाशी ओढलं जातं, आणि वर राहतं नितळ पाणी. नाना हे रोज करायचे. तरी त्या दिवशी धुतलेली टोपी घालून आले होते.

हिरवं पाणी मिनिटाभरात नितळ झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या एका उंच बाईंनी विचारलं, ही सगळी घाण शेवटी जाते कुठं? मी तो प्रश्न नानांना मराठीत सांगितला.

नाना म्हणाले, "जातीय कुठं? घाण कुठंच जात न्हाई. जागा बदलती. आदी आमच्या वढ्यात जात व्हती. वढ्याला खेकडी व्हती, मासं व्हतं, बाया धुणं धुवायच्या. आता समदं गेलं. आता ती घाण ह्या शेवाळात जाती. म्होरं हे शेवाळ कुठं न्यायचं त्ये बी तुमीच बघा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी इंग्रजीत सांगितलं, "त्याचं बायोमासमध्ये रूपांतर होतं."

त्या बाई हसल्या. "एवढ्या मोठ्या उत्तराचं इंग्रजीत एवढंच?"

साठेसाहेब घाईघाईनं म्हणाले, "मराठीत वाक्यं लांब असतात!"

पाहुणे गेले. नाना भांडी विसळत होते. विसळता विसळता त्यांनी मॅडमना विचारलं, "ही पूड कवापासनं हाय तुमच्याकडं? म्हंजी, शोध कवाचा?"

मॅडमनी हातानंच 'खूप वर्षं' अशी खूण केली.

"मंग हितवर यायला एवढा उशीर?"

मॅडमचा घसा बसला होता, तो त्या वेळी उपयोगी पडला.

*

दिवाळीत कंपनी आठवडाभर बंद. मी परभणीला आईकडं करंज्या तळत होते. फोन आला. नाना.

"पोरी, लेकरं उपाशी हायेत."

मी झारा खाली ठेवला. "कुणाची लेकरं, नाना?"

"आपली. तळ्यातली. रंग उतराय लागलाय."

खरंच होतं! कंपनी बंद म्हणजे कँटीन बंद, संडास बंद. आमच्या शेवाळाचं सगळं जेवण तिथूनच यायचं, आणि हे आमच्या दोन शिकलेल्या डोक्यांना सुचलंच नव्हतं. मी मॅडमना फोन लावला. त्यांच्या आईला ताप होता. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी खत घेऊन पोचते. तोवर नानांना म्हणावं, काळजी करू नका."

नानांनी काळजी केलीच नाही. शेजारच्या प्लॉटवर इमारतीचं काम चालू होतं. तिथले मजूर दिवाळीला घरी गेले नव्हते. नानांनी पातेलंभर चहा केला आणि गेटवरच्या सिक्युरिटीला पटवलं. पाच-पाच जणांना आत घ्यायचं, चहा पाजायचा, आणि जाताना हात जोडून म्हणायचं, "भाऊ, तेवढं आमच्या संडासात जाऊन या."

दिवाळीनंतर एचआरच्या बाईंनी गेटचं रजिस्टर उघडलं आणि किंचाळल्याच. पानंच्या पानं भरलेली. आत येणाऱ्याचं नाव, गाव, वेळ. आणि 'येण्याचे कारण' ह्या रकान्यात सिक्युरिटीनं सुवाच्य अक्षरात, प्रत्येक नावापुढं, न चुकता लिहिलं होतं : लघवी!

शेवाळ वाचलं. आम्ही पोट धरून हसलो. मग मी नानांना विचारलं, "पण नाना, सगळी दिवाळी तुम्ही इथंच? घरी काकू एकट्या."

"सांजंला दिवा लावून यायचो की." नाना जाळीनं तळ्यातली पानं काढत होते. "घरात बसून करायचं काय? तिच्यासमोर मी बसतो, माझ्यासमोर ती. आन दोघं बी दाराकडं बघतो. हितं निदान कुणी भुकेलं तरी व्हतं."

*

आणि मग तो सोमवार.

सकाळी कंपनीच्या बसमधून उतरले तर मॅडम तळ्याच्या कठड्यावर बसलेल्या. चार तळी होती आमची, शर्यतीच्या ट्रॅकसारखी लांबट, प्रत्येकात पाणी फिरवणारं एकेक चाक. चारही तळ्यांतलं पाणी करडं पडलं होतं. मुलामा खात्यात कुणीतरी घाईत जुनं रसायन ओतून दिलं होतं आणि चुकीच्या गटारात ओतलं होतं. ते रविवारभर आमच्या तळ्यांत येत राहिलं. दोन वर्षांचं शेवाळ. मेलंय, हे वासावरूनच कळत होतं.

मॅडम रडत नव्हत्या. बुटाच्या टोकानं सिमेंटची एक खपली उकरत होत्या. साठेसाहेब आले, "चौकशी लावतो," म्हणाले आणि गेले. मी चहा आणला, तो निवून गेला.

नाना सायकल काढून कुठंतरी निघून गेले. मला रागच आला. ह्या वेळी जायचं? तासाभरानं परत आले ते फडक्यात बांधलेली भाकरी आणि डब्यात पिठलं घेऊन. मॅडमच्या मांडीवर फडकं सोडलं.

"खावा."

"भूक नाही, नाना."

"भूक नसतीच. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई. शेजाऱ्यानं आणायची असती आन घरच्यानं खायाची असती. आमच्या घरी तेरा दिस आली व्हती. खावा."

मॅडमनी एक घास मोडला. दुसरा मोडला आणि मग त्यांना जे रडू फुटलं! तोंडात घास, आणि नाकाडोळ्यांतून पाणी. रडता रडताच हसायला लागल्या. "शेवाळासाठी रडतेय मी, नाना! लोक काय म्हणतील?"

नानांनी इकडंतिकडं बघितलं. "लोक हायेत कुठं हितं? आमीच हाओत."

दुपारी मॅडमना आठवलं. मूळ बियाण्याची एक बाटली त्यांनी घरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. आईला फोन लावला. आवाज स्पीकरवर, आम्ही तिघं भोवती.

"आई, फ्रिजमधली हिरवी बाटली आहे ना?"

"कुठली? ती पुदिन्याची? अगं, नासली ती. टाकून कशाला द्यायची म्हणून मी कढीपत्त्याला घातली."

मॅडमनी डोळे मिटले. "सगळी?"

"नाही गं. अर्धी."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती उद्या घालणार होते!"

तांडेल मोटरसायकलवरून रहाटणीला ज्या वेगानं गेला, त्या वेगाबद्दल न बोललेलंच बरं. त्या अर्ध्या बाटलीपासून आम्ही पुन्हा सुरुवात केली. बाटलीतून बरणीत, बरणीतून बादलीत, बादलीतून तळ्यात. चारही तळी हिरवी व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला.

*

पण तोवर वरची माणसं बदलली होती. नव्या साहेबांनी मागच्या कोपऱ्याची पाहणी केली आणि विचारलं, "ह्या जागेत किती ट्रक उभे राहतील?"

प्रयोग बंद झाल्याचं पत्र साठेसाहेबांनी आम्हाला वाचून दाखवलं. वाचताना दोनदा थांबले. मॅडमचा करार संपला. प्रयोग चांगला झाला, असं पत्रात तीनदा लिहिलं होतं. तांडेलनं एकेक चाक बंद केलं. चाकांचा तो छपछप आवाज आम्हाला इतका सवयीचा झाला होता की तो थांबल्यावर आम्ही चौघंही एकदम बोलायला लागलो, आणि चौघंही एकदम गप्प झालो.

शेवटच्या पिकाचं शेवाळ वाळवून मॅडमनी तेल काढलं आणि त्याचं डिझेल केलं. सगळ्या धडपडीचं फळ काय, तर एक छोटा कॅन. पातळ, मधाच्या रंगाचं. एक बाटली रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात ठेवायची आणि उरलेल्याची विल्हेवाट लावायची, असा हुकूम होता. विल्हेवाटीचा फॉर्म माझ्याकडं. 'विल्हेवाट कशी लावली?' ह्या रकान्यापाशी माझं पेन अडलं.

नाना शेजारी उभे होते. म्हणाले, "पोरी, मला दे त्ये. काम हाय."

मी लिहिलं : इंधन म्हणून वापरले.

साठेसाहेबांनी फॉर्म वाचला. कॅनकडं बघितलं, नानांकडं बघितलं. आणि सही केली.

*

त्यानंतरच्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, आम्ही नानांच्या घरी गेलो. मॅडम, मी आणि तांडेल. तांडेल आधीचे तीन रविवार तिथंच होता, हे मला त्या दिवशी कळलं.

घरासमोर ओटा. ओट्यापासून तीस-चाळीस पावलांवर विहीर, आणि विहिरीच्या कडेला पत्र्याखाली जुनं डिझेल इंजिन. जाडजूड चाकाचं, हँडल मारून सुरू करायचं. विजेचा पंप आल्यावर सगळ्यांनी असली इंजिनं भंगारात काढली, पण दत्तानं हे काढू दिलं नव्हतं. वीज गेली की तो हेच चालवायचा. नानांची कंबर धरायची, त्यामुळं हँडल मारणारा दत्ता एकटाच. तो गेला त्या दिवसापासून इंजिनावर गोणपाट पडलं होतं. आतून गंजून ते जाम झालं होतं. तांडेलनं तीन रविवार खपून ते सोडवलं.

काकू ओट्यावर सुपात बाजरी निवडत बसल्या होत्या. आम्हाला पाणी दिलं, मॅडमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा सूप घेऊन बसल्या. विहिरीकडं पाठ करून.

"त्या बोलत नाय फारशा," तांडेल माझ्या कानाशी पुटपुटला. "आणि ह्या बाजूला बघत पण नाय. तीन रविवार बघतोय मी."

मॅडमनी स्वतःच्या हातानं कॅनमधलं डिझेल टाकीत ओतलं. थेंबही सांडू दिला नाही. नानांनी इंजिनाला नमस्कार केला. तांडेलनं हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प. मॅडमनी माझा हात घट्ट धरला होता, त्यांची नखं रुतत होती.

तिसऱ्यांदा तांडेलनं सगळं अंग त्या हँडलवर टाकलं. नळकांड्यातून पांढरा धूर आला. डग. डग. डग. आणि मग डगडग डगडग, एकदम! पत्रा थरथरायला लागला. पट्टा फिरला. धुराला डिझेलचा वास नव्हता, तळणीसारखा वास होता. पाइपातून आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग पांढरं, जाड, उसळतं. तांडेल नाचायलाच लागला. मॅडम धुरात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. नाना पट्ट्याजवळ उभे होते, रविवारचा पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, मनगटांची बटणं लावून.

आणि ओट्यावरून आवाज आला. इंजिनाच्याही वरचा.

"दत्ता! आरं बाह्या वर कर! पट्ट्यात जातील!"

तांडेलचा हात इंजिन बंद करायला पुढं गेला. नानांनी तो मधेच धरला.

काकूंची पाठ आमच्याकडंच होती. सुपातली बोटं थांबली नव्हती.

नानांनी तांडेलचा हात सोडला. डाव्या मनगटाचं बटण काढलं. मग उजव्या. एकेक घडी घालत दोन्ही बाह्या कोपराच्या वर नेल्या. मग ओट्याकडं तोंड करून, छाती भरून ओरडले,

"व्हय आये! केल्या वर!"